दुर्बिणीची मर्यादा आणि चार गणितज्ञांची साक्ष

आपल्यापैकी कुणाच्या घरी ६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची छोटी दुर्बीण असेल, तर तिच्या खोक्यावर कदाचित ‘५०० पट’ असा आकडा छापलेला आढळेल. अनुभव मात्र निराळा येतो. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपर्यंतच वर्धन उपयोगी पडते. म्हणजे येथे १२० पट. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण अंधूक व विस्कटलेली; नवा तपशील हाती लागत नाही. हा धडा ज्यांनी आरंभीच गिरवला, त्यांत येशूसंघाचे विद्वान होते.

जुलै १६१० मध्ये गॅलिलिओला शनी तीन गोलांचा दिसला. कमी शक्तीच्या दुर्बिणीतून तो ऑलिव्हच्या फळासारखा लांबट दिसतो, असे त्याने पुढे लिहिले. १९ एप्रिल १६११ रोजी कार्डिनल बेलार्मिन यांनी रोमन कॉलेजच्या गणितज्ञांस या नव्या शोधांविषयी पाच प्रश्न विचारले. क्लाव्हियस, ग्रीनबर्गर, मालकोट आणि लेम्बो या चौघांनी २४ एप्रिलला उत्तर दिले. गुरूचे चार चंद्र व शुक्राच्या कला त्यांनी मान्य केल्या. शनीविषयी मात्र त्यांनी लिहिले, की तो अंडाकृती दिसतो. बाजूचे दोन तारे मधल्यापासून अलग झालेले आम्हांस दिसत नाहीत.

मग खरे कोणाचे? शनीला दोन सोबती नव्हतेच. १६१२ मध्ये ते ‘सोबती’ दिसेनासे झाले, तेव्हा गॅलिलिओही चकित झाला. त्याच्या दुर्बिणी सुमारे २० ते ३० पट वर्धन करीत. एकेरी भिंगाने रंगांची झालर उमटे, म्हणून भिंगाची कड झाकून मधलाच भाग वापरावा लागे. १६५५ मध्ये हॉयगेन्सने अधिक चांगल्या भिंगातून, सुमारे ५० पट वर्धनाने शनीचा चंद्र टायटन शोधला आणि १६५९ च्या ग्रंथात शनीभोवती कडे असल्याचे प्रतिपादन केले.

ते चौघे अचूक होते असे नव्हे. चंद्राचा पृष्ठभाग खडबडीत नसून त्याची घनता असमान असावी, हे वृद्ध क्लाव्हियस यांचे मत चुकीचे ठरले. तरी त्यांच्या उत्तरात दिसले ते आणि त्यावरून वाटले ते यांची सरमिसळ नाही. गॅलिलिओच्या कीर्तीला भुलून त्यांनी न दिसलेले पाहिल्याचे सांगितले नाही, की जुन्या मतासाठी दिसलेले नाकारले नाही.

मुलांच्या हाती दुर्बीण देताना आपण ही गोष्टही त्यांना सांगावी. भिंगाला मर्यादा असते, तशी आपल्या दृष्टीलाही असते; ती ओळखून दिलेली साक्षच सत्याच्या कामी येते.