ड्रॅगन कोणी मारला आणि नाग कोणाचा?



१६ ऑक्टोबर जवळ आला की चंद्रपुरात धम्मदीक्षेच्या वर्धापनाची तयारी सुरू होते. १९५६ मध्ये नागपूरनंतर बाबासाहेबांनी इथेच दीक्षा दिली. त्याच सुमारास व्हॉट्सअॅपवर एक पोस्ट फिरू लागते : जगातले सगळे ड्रॅगन म्हणजे आपले नाग पूर्वज. मूलच्या एका मुलाने मला विचारले, "दादा, हे खरं आहे का? कॉलेजात मांडलं तर पोरं हसतात."

पोरे हसली, कारण पोस्टमध्ये पुरावा नाही. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

ड्रॅगनचा उगम हाडांत शोधणारा एक मतप्रवाह आहे. एड्रियन मेयर या संशोधिकेने २००० साली मांडले की प्राचीन लोकांना जमिनीत मोठी हाडे सापडली आणि त्यांतून राक्षसी प्राण्यांच्या कथा रचल्या गेल्या. चीनमध्ये तर जुनी हाडे 'ड्रॅगनची हाडे' म्हणून औषधात कुटली जात. आपल्याकडे हाडांची कमी नाही. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते, सिरोंच्याकडे वडधमला जीवाश्म आहेत. पण हाडावरून फार तर प्राण्याचा आकार कळेल. त्याला मारणारा देव का ठरतो, हे हाड सांगत नाही.

ते कथा सांगते. ऋग्वेदात इंद्र 'अहि' वृत्राला मारून अडवलेले पाणी सोडवतो. बाबिलोनचा मार्दुक तियामतला मारतो, ग्रीकांचा झ्यूस टायफॉनला. इराणच्या अवेस्तात अझी दहाक हा तीन तोंडांचा साप आहे. 'अहि' आणि 'अझी' हा मुळात एकच शब्द. पुढे शाहनाम्यात हाच दहाक 'झह्हाक' होतो, खांद्यांवर दोन साप असलेला परका, जुलमी राजा. म्हणजे एकाच परंपरेत साप आणि शत्रू माणूस यांची अदलाबदल होते.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नेमका हाच धागा पकडला. दहाक हा नागांचा राजा, त्यावरून 'दास', म्हणून दास आणि नाग एकच, असे त्यांनी मांडले. ही व्युत्पत्ती आज सगळे भाषातज्ज्ञ मानत नाहीत, आणि ते सांगायला आपण घाबरू नये. आपला सिद्धांत अंतिम असल्याचा दावा बाबासाहेबांनीच प्रस्तावनेत नाकारला आहे. शिवाय हाच वृत्र महाभारतात ब्राह्मण ठरतो आणि इंद्राला ब्रह्महत्येचे पाप लागते. 'वृत्र म्हणजे आपलाच' म्हणणाऱ्याने इथे जरा थांबावे.

मला जास्त बोलते ते खांडववन. कृष्ण आणि अर्जुन अग्नीसाठी अख्खे जंगल जाळतात, पळणाऱ्या जिवांना बाणांनी परत आगीत ढकलतात. तक्षक तेव्हा तिथे नसतो. त्याची बायको मुलाला वाचवताना मरते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या जाळपोळीमागे जमीन बळकावणे पाहिले. जंगलात राहणाऱ्याला आधी साप म्हटले की त्याला मारणे पाप उरत नाही. गडचिरोलीत काम करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पण कथेतून नाग 'माणसे' होती हे सिद्ध होत नाही. ते ताम्रपटातून होते. वाकाटक राजा रुद्रसेन पहिला हा भारशिव घराण्यातल्या भवनागाच्या मुलीचा मुलगा. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून दिलेल्या ताम्रपटात आपली आई कुबेरनागा नागकुळातली असल्याचे अभिमानाने सांगते. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये अकराव्या शतकात छिंदक नाग राज्य करत होते. ही खरी घराणी आहेत. आता अडचणीची गोष्टही सांगतो : भारशिव शैव होते. नागवंशी म्हणजे बौद्धच, असे सरसकट म्हणता येत नाही.

मग बौद्ध परंपरेचे वेगळेपण कशात? आपल्या कथेत नागाला कोणी मारत नाही. बोधीनंतर पावसात मुचलिंद नाग बुद्धावर फणा धरतो. हे ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा 'नाग' या शब्दाला तिथे 'लुंग' म्हणजे ड्रॅगन हाच शब्द वापरला गेला. तिबेटी परंपरा ज्याला विदर्भाचा मानते त्या नागार्जुनाचे चिनी नाव 'लुंगशू' आहे, म्हणजे ड्रॅगन-वृक्ष. चीनचा ड्रॅगन पाऊस आणतो, वृत्र पाऊस अडवतो.

त्या मुलाला मी भद्रावतीला घेऊन जाणार आहे. विजासन टेकडीच्या लेण्यात आत सरळ गेले की शेवटी बुद्ध बसलेला दिसतो, आणि गावात भद्रनागाचे देऊळ आहे. नागपंचमीला तिथे गर्दी असते, म्हणून आदल्या आठवड्यात जाऊ. वही आणायला सांगितली आहे.