बंगळूरचा कागद, गणेशगुडीची शाळा

माझे वडील शिकले तेव्हा कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता, शाळेचे हुकूमही तिकडूनच यायचे. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात आलो आणि हुकूम बंगळूरहून सुटू लागले. त्याच वर्षी राज्यघटनेत 350 अ कलम आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं.

पुढे काळी नदीवर सुपा धरण झालं. जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली, कित्येक घरं रामनगरला गेली. आमच्या गणेशगुडीत मात्र वीज महामंडळाची वसाहत उभी राहिली.

2001 च्या सरकारी आदेशाने शाळेच्या कारभारात पालकांची समिती आली. मी मुख्याध्यापक. कन्नड परिपत्रक आलं की आधी स्वतः दोनदा वाचायचो, मग कुणबी पालकांना कोकणीत सांगायचो. "सर, पैसे किती नि खर्चायचे कशावर, तेवढं सांगा," एक आजी म्हणायच्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती राज्याला करता येणार नाही. हे सांगितल्यावर त्या आजींचा पुढचा प्रश्न तयार होता: "मग इंग्रजी शाळेची बस आमच्या वाडीपर्यंत येईल का?"