तळटीप : 'भरणे'

'चाळ भरून झाली' : मुंबईकर वाचकाला चाळ म्हटली की खोल्यांची रांग आठवेल, चांदवडची ही चाळ कांद्याची. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा सुकवतात, थोडी मान ठेवून पात कापतात आणि हवा खेळेल अशा चाळीत भरतात. तो पावसाळ्यात भाव बघत बघत बाहेर निघतो.

'भरणे' म्हणजे इथे नुसते ओतणे नव्हे, पुढची सोय करणे. महिना भरला की घरोघरी किराणा भरतात. पावसाळ्याआधी वर्षाचे गहू भरून ठेवतात, दिवाळीच्या तोंडावर दुकानदार माल भरतो. (आठवड्याचा बाजार मात्र कोणी न भरता आपला आपणच भरतो.)

कांद्याच्या बाबतीत सप्तमीकडे लक्ष द्यावे. 'चाळीत भरला' म्हणजे विक्री लांबवली. 'ट्रॉलीत भरला' म्हणजे माल बाजार समितीकडे निघाला. नुसते 'कांदा भरला' असे कोणी सांगितले, तर ऐकणारा लगेच विचारतो, 'कशात?'

वीजबिल, दंड, शाळेची फी हेही 'भरतात'. तिथे साठा काहीच होत नाही.