कुत्रा अंगावर आला तर पळू नका. चावलाच तर आधी साबण-पाणी, मग दवाखाना

पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला माणूस असो, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला मळ्यात जाणारा शेतकरी असो, की वस्तीवरून शाळेला चालत येणारी पोरं असोत. कुत्रं कधी अंगावर येईल याचा नेम नाही. अशा वेळी काय करायचं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पळायचं नाही : पळणाऱ्याच्या मागं लागणं हा कुत्र्याचा स्वभावच. जागेवर थांबा, थोडं तिरकं उभं राहा, त्याच्या डोळ्यात रोखून बघू नका. किंचाळू नका, खड्या आवाजात "हाड!" म्हणा. पाठ न दाखवता हळूहळू मागं सरका. काठी, छत्री, दप्तर, किटली, जे हातात असेल ते मध्ये धरा. पिल्लं असलेली कुत्री किंवा खात असलेलं कुत्रं दिसलं तर लांबूनच जा.

गाडीवर असाल तर : वेग वाढवू नका, लाथ मारू नका. कुत्रं चावण्यापेक्षा गाडी घसरून जास्त लागतं. वेग कमी करा. गाडी थांबली की बरीच कुत्री मागं फिरतात.

झेप घेतलीच तर : टॉवेल किंवा शर्ट हाताला गुंडाळून तो हात पुढं करा. दातात सापडलेला हात हिसका देऊन ओढू नका, मांस फाटतं. खाली पडलात तर पालथं होऊन गुडघे पोटाशी घ्या आणि हातांनी मान व कान झाका.

चावल्यावर : खरा धोका रेबीजचा. त्याची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर उपचार घेतले तर रोग टळतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चटणी, चुना, झाडपाला काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथं लस मोफत मिळते. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर 3ऱ्या, 7व्या व 28व्या दिवशी घ्यावी लागते. दंडात दिली तर 14व्या दिवशीही डोस असतो. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सीरमही द्यावं लागतं. ते तिथं नसेल तर कुठं मिळेल, हे विचारूनच निघा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवा, पण तोवर लस थांबवू नका. कुत्रं घरचं आहे म्हणूनही टाळू नका. "आता बरं वाटतंय" म्हणून डोस अर्धवट सोडू नका.

आणि एक. मार बसेल या भीतीनं पोरं चावल्याचं घरी सांगत नाहीत. पायावर साधा ओरखडा दिसला तरी रागावू नका, जवळ घेऊन विचारा.