ऋण कोणास फेडावें?

ज्युबिलीच्या प्रसंगीं पूर्वसूरींचें स्मरण करणें उचितच होय. परंतु त्यांचें ऋण फेडावें कसें, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

सन १८४५ मध्यें सॅव्हॉय प्रांतांतील अ‍ॅनसी नगराहून संत फ्रान्सिस डि सेल्स ह्यांच्या नांवाच्या संघाचे पहिले मिशनरी हिंदुस्थानास निघाले. विशाखापट्टण हें त्यांचें मुख्य ठाणें झालें. पुढें १८८७ सालीं नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला. परंतु त्याआधीं सतरा वर्षें, १८७० सालीं, येथें सेंट फ्रान्सिस डि सेल्स शाळा सुरू झाली होती. नगरास स्वतःचा बिशप लाभण्यापूर्वीं येथील मुलांस शाळा लाभली! हा क्रम ध्यानांत धरण्याजोगा आहे.

ते मिशनरी आज हयात नाहींत. त्यांस आम्ही काय परत देणार? परंतु त्यांनींहि आपलें सर्वस्व दिलें तें पूर्वीं कधीं न पाहिलेल्या मुलांस. ऋषिऋण अध्ययन-अध्यापनानें फिटतें, असें आपल्या देशांत मानीत आले आहेत. विद्येचें देणें पुढील पिढीसच पोंचवावयाचें असतें.

म्हणून ज्यास चार अक्षरें येतात त्यानें वस्तींतील एका मुलास, जात वा धर्म न विचारतां, आठवड्यांतून दोन सायंकाळीं शिकवावें. ज्यास सवड नाहीं त्यानें वह्यापुस्तकांचा भार उचलावा. वर्गणी देऊन मोकळें होणें सोपें; वर्षभर वेळ देणें कठीण. संगमरवरी पाटी भिंतीवरच राहील. शिकलेलें मूल मात्र उद्यां आणखी कोणास शिकवील.