हातांची भाषा आणि मेंदूची साक्ष

१८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं बधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतील हस्तसंकेतांना अर्धचंद्र मिळाला. ते केवळ हातवारे, ती भाषा नव्हे, अशी समजूत बळावली. तिचें खंडन पुढें मेंदूनेंच केलें. १९९२ सालीं अमेरिकन संशोधकांनीं एका बधिर रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या डाव्या भागास इजा होऊन त्याची संकेतभाषा बिघडली होती. मूकाभिनय मात्र शाबूत होता. हात तेच; पण मेंदूच्या लेखीं हावभाव निराळे आणि भाषा निराळी! २०१० सालीं त्याच परिषदेच्या व्हँकूव्हर येथील अधिवेशनांत जुन्या ठरावाबद्दल खेद प्रकट झाला. तोंवर वर्गावर्गांतून कित्येक चिमुकले हात गप्प बसविले गेले होते.