वंगणातील नोंदी : दूरप्रवासी मोटारसायकल आणि वापरलेल्या इंजिन ऑइलचे परीक्षण

प्रस्तावना :

यंत्रांच्या इतिहासाची साधने म्हणून अभ्यासक साधारणतः पेटंट, कारखान्यांची कागदपत्रे, जाहिराती व छायाचित्रे यांकडे वळतात. यंत्र ज्याने प्रत्यक्ष वापरले त्याने ठेवलेल्या नोंदी बहुधा दुर्लक्षित राहतात. अमेरिकेतील दूरप्रवासी मोटारसायकलींच्या मालकांनी गेल्या काही दशकांत अशा नोंदींचा एक वेगळा प्रकार निर्माण केला आहे. इंजिनातून काढलेले जुने ऑइल प्रयोगशाळेत पाठवायचे आणि आलेला अहवाल गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवायचा, असा हा प्रघात. हे तंत्र मुळात रेल्वे व नौदल यांचे. ते एकट्यादुकट्या मालकाच्या हाती आल्यावर त्याचा अर्थ कसा पालटला आणि इतिहासाचे साधन म्हणून या अहवालांवर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

तंत्राचा उगम :

इंजिन चालत असताना त्याचे भाग झिजतात व त्यांचे सूक्ष्म कण ऑइलमध्ये मिसळतात. ऑइलचा नमुना विद्युत ठिणगीत जाळला असता प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देते. त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून दहा लाख भागांत त्या मूलद्रव्याचे किती भाग आहेत हे काढता येते. लोखंड वाढले तर सिलिंडर वा गिअर, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टन, तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंग, असा माग लावता येतो. सिलिकॉन बहुधा एअर फिल्टरमधून शिरलेल्या धुळीचे, तर सोडियम व पोटॅशियम कूलंटच्या गळतीचे निदर्शक मानले जाते.

डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या अमेरिकी रेल्वे कंपनीच्या प्रयोगशाळेने १९४६ च्या सुमारास डिझेल इंजिनांसाठी या पद्धतीचा अवलंब केला. १९५५ च्या सुमारास अमेरिकी नौदलाने ती विमानांच्या इंजिनांना लावली आणि १९७० च्या दशकात तेथील सेनादलांचा संयुक्त कार्यक्रम उभा राहिला. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडांनाही वंगणाची अशी नियतकालिक तपासणी अपरिचित नाही. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान होती. एकाच जातीची अनेक इंजिने, एकच ऑइल, ठरावीक फेऱ्या आणि नोंदी ठेवणारा पगारी वर्ग. एखाद्या इंजिनाचा आकडा इतरांपेक्षा वेगळा पडला की ते कामावरून काढून उघडायचे, एवढाच त्या आकड्याचा उपयोग होता.

आकड्याचा अर्थ यंत्रागणिक बदलतो, हेही त्याच काळात ध्यानी आले. काही अमेरिकी रेल्वे इंजिनांत पिस्टनच्या पिनेच्या बेअरिंगवर चांदीचा थर असे. मोटारींच्या ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी घातले जाणारे जस्ताचे संयुग या चांदीला मारक ठरे. म्हणून रेल्वेचे ऑइल जस्तरहित ठेवावे लागे. उलट मोटारसायकलच्या अहवालात जस्त पुरेसे दिसले नाही तर मालक अस्वस्थ होतो.

मालकांनी घडवलेली दूरप्रवासी गाडी :

होंडा कंपनीने १९७४ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात गोल्ड विंग जीएल १००० ही मोटारसायकल मांडली. ९९९ घनसेंटिमीटरचे, पाण्याने थंड होणारे, आडव्या चार सिलिंडरांचे इंजिन आणि साखळीऐवजी शाफ्ट, ही तिची वैशिष्ट्ये. तिला ना वारा अडवणारे आवरण होते, ना सामानाच्या पेट्या. अमेरिकी मालकांनी क्रेग व्हेटर यांच्या कंपनीची आवरणे व पेट्या बसवून तिला दूरच्या प्रवासाची गाडी केले. १९८० मध्ये होंडाने हा सर्व सरंजाम कारखान्यातूनच बसवलेले ‘इंटरस्टेट’ प्रारूप आणले. वापरणाऱ्याचा अनुभव पुढे आणि कारखाना मागे, असा हा क्रम आहे. ऑइलच्या प्रश्नातही तो काही अंशी दिसून येतो.

गोल्ड विंगसारख्या गाडीत इंजिन, गिअर आणि ओला क्लच या तिघांना एकच ऑइल पुरवले जाते. (बीएमडब्ल्यूच्या हवेने थंड होणाऱ्या बॉक्सर इंजिनात क्लच कोरडा आणि गिअरचे ऑइल निराळे असे, तेथील मालकांचा प्रश्न त्यामुळे सोपा होता.) ऑइलची श्यानता टिकवण्यासाठी त्यात जे दीर्घ बहुवारिक रेणू घातलेले असतात, ते गिअरच्या दात्यांत अक्षरशः कातरले जातात आणि ऑइल पातळ होते. दुसरीकडे, मोटारींच्या ऑइलमध्ये इंधनबचतीसाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये येऊ लागल्यावर ओला क्लच घसरण्याची भीती निर्माण झाली. जपानी मानक संस्थेने १९९८ मध्ये ‘जासो टी ९०३’ हे मानक लागू करून ‘एमए’ व ‘एमबी’ असे वर्ग पाडले, ते यासाठीच.

तथापि मोटारसायकलचे म्हणून विकले जाणारे महाग ऑइल खरोखर वेगळे असते काय, ही शंका त्यापूर्वीच उपस्थित झाली होती. ‘मोटरसायकल कन्झ्युमर न्यूज’ या अमेरिकी नियतकालिकाने १९९४ मध्ये श्यानतेच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्या करणारे गृहस्थ भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि गाडी त्यांची स्वतःचीच होती. महाग मोटारसायकल ऑइल सरसकट श्रेष्ठ ठरत नाही, हा त्यांचा निष्कर्ष विक्रेत्यांना रुचणारा नव्हता. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने विशिष्ट नाममुद्रेचाच माल वापरण्याची अट वॉरंटीला जोडण्यास सर्वसाधारणपणे मज्जाव केलेला असल्यामुळे मालकाला निवडीची मुभा होती. उणीव होती ती पुराव्याची.

विखुरलेल्यांचा ताफा :

ही उणीव खाजगी प्रयोगशाळांनी भरून काढली. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे १९८५ मध्ये सुरू झालेली ब्लॅकस्टोन ही त्यांपैकी विशेष परिचित. तिच्या अहवालात मालकाच्या नमुन्याशेजारी त्याच जातीच्या इंजिनांच्या सरासरीचा स्तंभ असतो. माझ्या मते या इतिहासातील निर्णायक गोष्ट हीच होय. ज्याच्यापाशी एकच गाडी आहे त्याला या स्तंभामुळे न पाहिलेल्या सहप्रवाशांचा ताफा मिळतो. जीएल १८०० या २००१ च्या प्रारूपासाठी कंपनीने सांगितलेले ८,००० मैलांचे अंतर आणि तीन हजार मैलांवर ऑइल बदलण्याची जुनी अमेरिकी सवय यांतून काय निवडावे, हे मालक आता आकडे समोर ठेवून ठरवू शकतो.

परंतु हा ताफा रेल्वेच्या ताफ्यासारखा नाही. नमुना पाठवणारे बहुधा मुळातच काळजीवाहू असतात. हेळसांड करणाऱ्यांची इंजिने या सरासरीत क्वचितच शिरतात. त्यामुळे सरासरीपेक्षा किंचित वाईट आकडा आला तरी इंजिन वाईट आहे असे होत नाही. गिअर व सिलिंडर यांचे ऑइल एकच असल्याने लोखंड कोठून आले हे आकडा सांगत नाही. नव्या इंजिनातील सिलिकॉन धुळीचे नसून सांध्यांत भरलेल्या सीलंटचे असू शकते. शिवाय साधारणतः पाच ते दहा मायक्रॉनांहून मोठे कण या तपासणीत नीट मोजले जात नाहीत. दात्याचा तुकडा उडाला तरी अहवाल निर्दोष येण्याचा संभव राहतो. एकाच गाडीचे लागोपाठचे अहवाल म्हणूनच अधिक बोलके ठरतात.

गाडी विकताना अशा अहवालांची चळत ग्राहकापुढे ठेवली जाते. अभ्यासकाच्या हाती ती आली तर तिच्यातील दोन प्रकारचे मजकूर वेगळे वाचावे लागतील. धातूंचे आकडे प्रयोगशाळेचे असतात. मात्र ऑइलची जात, त्यावर झालेले मैल आणि मध्ये किती ऑइल वर घातले, ही माहिती मालकाने नमुन्यासोबत स्वतः लिहून पाठवलेली असते. सात हजार मैलांचे ऑइल पाच हजारांचे म्हणून कोणी लिहिले, तर झिजेचा दर तेवढ्याने वाढलेला दिसेल आणि ते पडताळण्याचे साधन प्रयोगशाळेपाशी नसते.